नवपरिणीतांचे प्रेक्षक

२०२३ च्या अधिक श्रावणात मी आठ-दहा दिवस रहिमतपूरला माहेरी होते. भावाची मुलगी आणि जावई वाण घेण्यासाठी पुण्याहून आले होते. तेहेतीस अनारशांचे ताट, चांदीचे निरांजन, जावयाचे अवघडलेपण असे सारे रीतसर पार पडले. बाहेर पावसाची झड लागली होती. अशा संध्याकाळी माजघरातल्या दूरचित्रवाणी संचासमोर घर गोळा होते आणि कुणीतरी काहीतरी लावते. त्या दिवशी भाचीने एक लग्न लावले. म्हणजे पडद्यावर.

लग्न अमेरिकेतले होते. आर्कान्सा राज्यातील स्प्रिंगडेल या गावी २१ जून २०१४ रोजी झालेले. वधू जिल डग्गर, वर डेरिक डिलार्ड. जिल ही एकोणीस भावंडांतली एक. तिच्या घराचे दैनंदिन जीवन टीएलसी या वाहिनीवर २००८ पासून मालिकारूपाने दाखवले जात होते. पोरे वाढत गेली तसे मालिकेचे नावही वाढत गेले, सतरापासून एकोणीसपर्यंत. हे कुटुंब कडव्या ख्रिस्ती शिस्तीचे. मुलींनी लांब झगे घालायचे, मुलांनी शाळेत न जाता घरीच शिकायचे. लग्नाआधी मुलामुलींनी एकांतात भेटायचे नाही. भेटताना घरातले कुणीतरी सोबत हवे. आलिंगन द्यायचे तेही एका बाजूने, खांद्याला खांदा लावून. वाङ्‍निश्चय झाल्यावर हात हातात घ्यायला परवानगी. पहिले चुंबन लग्नाच्या वेदीपाशी. डेरिक नेपाळमध्ये धर्मकार्यासाठी राहत होता. २०१३ मध्ये जिल त्याला पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटायला गेली ती वडिलांना सोबत घेऊन. हे सारे लाखो प्रेक्षकांनी पाहिले, आणि त्यावर लाखो प्रेक्षक बोललेही.

आम्हीही बोललो. बोलण्याची तालीम आमच्या माजघराला जुनीच आहे. २००४ मध्ये आदेश बांदेकरांचा ‘होम मिनिस्टर’ सुरू झाला तेव्हापासून संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ आमच्या घरी त्यावरच ठरे. परक्या घरातली नवी सून उखाणा कसा घेते, नवऱ्याचे नाव घेताना लाजते की लाजल्यासारखे करते, सासू हसते ती मनापासून की कॅमेऱ्यापुरती, यावर आमच्याकडे निवाडे होत. पैठणी कुणाला मिळाली हे दुसऱ्या दिवशी विसरले जाई; त्या सुनेविषयीचे आमचे मत मात्र कायम राही. दहा-पंधरा मिनिटे पाहिलेल्या मुलीचा संसार टिकेल की नाही, हेही आम्ही सांगत असू.

तेव्हा त्या संध्याकाळी दोन पक्ष पडायला वेळ लागला नाही. वहिनी म्हणाली, “बघा, एवढ्या पुढारलेल्या देशात राहून किती मर्यादेनं वागतात! नाहीतर आपल्याकडची पोरं.” भाची उसळली. “हे कसलं प्रेम, पहारेकऱ्यासकट? तिला दुसरं काही माहीतच नाही, म्हणून ती हसतेय.” आई चौऱ्याऐंशी वर्षांची. ती म्हणाली, “आम्ही तर लग्नाआधी तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. पण आम्हाला पाहायला एवढी माणसं नव्हती, हे एक बरं.” जावई, जावयाच्या धर्माला जागून, हसत राहिले. मी अर्थातच भाचीच्या बाजूने बोलले. तीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाजवळ अशा प्रसंगी शब्द फार असतात. श्रद्धेचे अंतर्गतीकरण, आज्ञाधारकतेचा आनंद असे काहीबाही मी बोलले असेन.

कोपऱ्यात भाचेसून शेंगा निवडत बसली होती. तिच्याविषयी थोडे सांगायला हवे. तिचे लग्न होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. माहेर कडक सांप्रदायिक. घरात कांदा-लसूण नाही, दूरचित्रवाणी नाही, कादंबरी नाही. लग्न वाजंत्रीविना झाले. लग्नापूर्वी ती आणि माझा भाचा दोनदा भेटले, दोन्ही वेळा वडीलधाऱ्यांच्या देखत. आमच्या घरी आल्यावरही डोक्यावरचा पदर तिने उतरवला नव्हता. तो कुणी घ्यायला सांगितलेला नव्हता आणि काढायला सांगितल्यावरही तिने काढला नव्हता. पुण्याला फोनवरून होणाऱ्या आमच्या बोलण्यात हा पदर वारंवार येई. “अजून घेते का गं?” “घेते.” “बिचारी.” असे ते संभाषण असे. ती काय वाचते, काय खाते, भाच्याशी मोकळी बोलते की नाही, याचे वृत्त मला नियमित मिळत होते आणि त्यावर माझा निष्कर्षही तयार होता. स्क्रीनवरच्या त्या आर्कान्सातल्या मुलीविषयी मी जे बोलत होते, ते खरे तर सहा महिने सरावाने पक्के झालेले वाक्य होते. फक्त त्यातली मुलगी वेगळी होती. हे मला तेव्हा कळले नाही.

पडद्यावर चुंबन झाले. टाळ्या झाल्या. भाचेसुनेने मान वर करून विचारले, “आत्याबाई, हे सगळं दाखवायचे तिला पैसे किती मिळाले?”

आम्ही हसलो. भाची म्हणाली, “अगं, आपण काय बोलतोय आणि तू काय विचारतेस!” ती पुन्हा शेंगांकडे वळली. पण जाता जाता एवढे म्हणाली, “नाही, कुणीतरी पैसे घेतलेच असतील ना. म्हणून विचारलं.”

दुसऱ्या दिवशीही पाऊस होता. जावयांनी या कुटुंबावरचा माहितीपट लावला. तो त्याच वर्षी जूनमध्ये प्राइम व्हिडिओवर आला होता. नाव ‘शायनी हॅपी पीपल’. चार भागांचा. त्यात हे कुटुंब ज्या धार्मिक संस्थेच्या शिकवणुकीवर चालत होते तिची, म्हणजे बिल गॉथर्ड यांनी स्थापन केलेल्या संस्थेची हकीकत आहे. थोरल्या भावाने किशोरवयात मुलींशी केलेल्या लैंगिक गैरवर्तनाच्या जुन्या नोंदी २०१५ मध्ये उघड झाल्या आणि ती मूळ मालिका बंद पडली, तेही त्यात आहे. त्यात स्वतः जिल आणि डेरिक समोर बसून बोलतात. भाची मराठीत सांगत होती. एका ठिकाणी ती थांबली आणि तिने आपल्या भावजयीकडे पाहिले. जिल सांगत होती की सज्ञान झाल्यावरही कितीतरी वर्षे तिला मालिकेच्या कामाचे काहीही मिळाले नाही. धनादेश नाही, रोकड नाही.

त्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये जिलचे आत्मकथन प्रसिद्ध झाले, ‘काउंटिंग द कॉस्ट’. नावातच हिशेब आहे, आणि मालिकेच्या नावातल्या मोजणीला दिलेले उत्तरही आहे. मी ते वाचले. लग्नाच्या आदल्या दिवशी, पाहुण्यांच्या आणि तयारीच्या गडबडीत, वडिलांनी तिच्यापुढे सहीचा कागद ठेवला. तिने सही केली. तो पुढच्या कित्येक वर्षांच्या चित्रीकरणाचा करार होता, हे तिला फार नंतर कळले. लग्न, पहिले बाळंतपण, सारे मालिकेच्या कामी आले. नवरा-बायको दोघे धर्मकार्यासाठी मध्य अमेरिकेत गेले, तर तिथूनही चित्रीकरणासाठी बोलावणे सुटले नाही. २०१७ मध्ये दोघांनी मालिकेतून अंग काढून घेतले. पुस्तकात वडिलांवरचा राग आहे, त्याहून अधिक न संपणारी माया आहे. पण ती धर्म सोडत नाही. जिल आजही श्रद्धाळू ख्रिस्ती आहे. हे वाचताना माझी थोडी निराशा झाली, हे कबूल केले पाहिजे. माझ्या निष्कर्षाला बंडखोर नायिका हवी होती. वहिनीच्या निष्कर्षाला समाधानी लेक हवी होती. पुस्तकातली बाई दोघींनाही उपयोगाची नव्हती.

मला यावरून आमच्याच भागातली एक नववधू आठवली. देवराष्ट्रे हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. तिथल्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची मुलगी १८७३ मध्ये पुण्याला नेली गेली आणि एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांशी तिचे लग्न झाले. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या रानड्यांनी पहिली पत्नी वारल्यावर लगोलग वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एका अल्पवयीन मुलीशी लग्न केले, यावर तेव्हा केवढी चर्चा झाली! सुधारक हळहळले, सनातन्यांना हसायला विषय मिळाला. चर्चा रानड्यांची होती. त्यांच्या तत्त्वनिष्ठेची, त्यांच्या पितृभक्तीची. मुलगी त्या चर्चेत केवळ तिच्या वयापुरती होती. तिची बाजू १९१० मध्ये आली, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात, रानडे जाऊन नऊ वर्षे झाल्यावर. आणि ती बाजू कोणत्याच पक्षाची निघाली नाही. पतीविषयीची भक्ती पानोपानी आहे. परंतु त्याच पानांवर, इंग्रजी शिकते म्हणून घरातल्या बायकांनी धरलेला अबोला आणि मारलेले टोमणेही आहेत. पतीला वाटत होते की तिने शिकावे. त्याची किंमत मात्र दिवसभर माजघरात तिला एकटीलाच मोजावी लागत होती. रमाबाई तक्रार करत नाहीत. त्या नोंद करतात. वाचणाऱ्याला बेरीज करता येते.

दुसरी आठवण आमच्या गावाच्या अधिक जवळची. वसंत कानेटकरांचा जन्म रहिमतपूरचा, हा आम्हां रहिमतपूरकरांचा अभिमानाचा विषय. वर्गात त्यांचे ‘हिमालयाची सावली’ शिकवताना मी तो न चुकता सांगत असे. १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातले नानासाहेब भानू आणि बयो यांच्यामागे महर्षी कर्वे आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई उभ्या आहेत, हे सर्वविदित आहे. कर्व्यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विद्यार्थिनी. या जोडप्यावर मुरूड गावाने बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरच्यांनाही वाळीत टाकू, असे गावाने बजावले. त्या दिवसांत कोकणात आणि पुण्यात ज्याला त्याला या नवपरिणीतांविषयी मत होते. एका पक्षाला ते पाप दिसले, दुसऱ्याला क्रांती.

आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ १९४४ साली आले. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा त्यात क्रांती शोधत होते. यंदा पुन्हा वाचले तेव्हा मला त्यात पैसे दिसले. कर्व्यांनी संसारासाठी ठेवलेली ५,००० रुपयांची विम्याची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. बाहेर त्यांचा त्याग गाजला. घरात मुलांची आई उद्या काय, या प्रश्नाशी राहिली. त्यांनी सुइणीचे शिक्षण घेतले, हिंमत धरली, संसार ओढला, आणि ज्या संस्थेने घरचे पैसे नेले तिच्यासाठीच निधीही गोळा केला. कानेटकरांची बयो नवऱ्यावर तोंड टाकते, करवादते, प्रेक्षक हसतात आणि मग हसता हसता थांबतात. त्या थांबण्यात नाटकाचे सारे बळ आहे. मी वर्गात मात्र वर्षानुवर्षे ‘त्यागाची शोकात्मिका’ असे शीर्षक फळ्यावर लिहीत आले. त्याग कुणाच्या पैशाने झाला, असा प्रश्न मी परीक्षेत कधी घातला नाही.

इथे एक आक्षेप मला स्वतःलाच सुचला आणि तो टाळता येण्यासारखा नाही. प्रेम, सेवा, श्रद्धा यांना पैशात मोजणे हा हीनपणा नव्हे काय? आनंदीबाईंनी मोजून संसार केला असता तर कर्व्यांची संस्था उभी राहिली असती काय? हा प्रश्न मी अनारशांचा डबा भरता भरता भाचेसुनेला विचारला. तिला विचारावे असे मला प्रथमच वाटले होते. ती म्हणाली, “सेवा असेल तर कुणीच पैसे घेऊ नयेत, आत्याबाई. आमच्या मठात माझे वडील पहाटे चारला झाडू मारतात, त्याचं कुणी मोजत नाही, कारण तिथं कुणालाच मिळत नाही. पण वाहिनीनं पैसे दिले होते ना? मग ते काम झालं. कामाचे पैसे एकानं घ्यायचे आणि दुसऱ्यानं सेवा म्हणायचं, हे कसं?”

इतकी वर्षे वाङ्मय शिकवून मला ही रेघ इतकी सरळ ओढता आली नसती.

मग तिने आपले सांगितले. ती वाणिज्य शाखेची पदवीधर. वडिलांचे दूध संकलनाचे काम आहे. पंधराव्या वर्षापासून तिथली वही ती लिहीत होती. फॅट, डिग्री, लिटर, दर दहा दिवसांचा हिशेब. डोक्यावर पदर घेऊन, पहाटे आणि संध्याकाळी. गवळ्यांचे पैसे एक दिवस उशिरा गेले तर तिला झोप लागत नसे. “मला कधी काही मिळालं नाही, आणि मी कधी मागितलंही नाही. वाईट वाटायचं असंही नाही. पण त्या मुलीला बघून पहिल्यांदा वाटलं, विचारायला तरी काय हरकत होती.”

मी तिच्या माहेराविषयी मनात काहीतरी म्हणत होते, तेवढ्यात ती सहज म्हणाली, “इथंही तसंच आहे म्हणा.”

माझ्या भावाचे रहिमतपुरात कृषी सेवा केंद्र आहे. आल्याच्या आणि उसाच्या हंगामात तिथे पाय ठेवायला जागा नसते. लग्न झाल्यापासून दुकानाची बिले, साठ्याची नोंद, उधारीची वही, जीएसटीचे विवरण हे सारे तीच पाहत होती. पूर्वी त्यासाठी एक पगारी गृहस्थ येत. ती आल्यावर त्यांना निरोप दिला गेला. वहिनी हे सर्वांना कौतुकाने सांगे: “आमची सून शिकलेली आहे, दुकान सांभाळते.” मीही पुण्यात मैत्रिणींना हे सांगितले होते, आमच्या घरच्या मोकळेपणाचा दाखला म्हणून. पदराची दया करताना मी वहीकडे पाहिलेच नव्हते. पदर तिचा तिने घेतला होता. वही आम्ही तिच्या हाती दिली होती.

त्या रात्री मी भावाकडे विषय काढला. तो मनाने वाईट नाही. तो खरोखर गोंधळला. “घरच्याच माणसाला पगार? ताई, लोक काय म्हणतील? आणि तिला काय कमी आहे? मागेल ते मिळतं.” मी म्हणाले, “मागावं लागतं, हेच.” तो म्हणाला, “तू मागितलंस का कधी?” मला उत्तर नव्हते. मला पगार होता म्हणून मागावे लागले नव्हते, एवढेच. आई पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होती. ती म्हणाली, “मी मागत होते. तुझे वडील विचारायचे, कशाला हवेत? मग मी मागणं सोडलं.” हे आम्हां दोघांनाही नवीन होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईचे लग्न आम्ही दोघांनी जन्मापासून पाहिले होते.

तेव्हा काही ठरले नाही. जावई-लेक पुण्याला गेली, मागोमाग मीही निघाले. स्थानक गावापासून अंतरावर आहे. भाचा गाडीवरून सोडायला आला. गाडी येईपर्यंत तो बाकावर गप्प बसून होता. शेवटी म्हणाला, “आत्या, ती मला म्हणाली होती हे. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात. मी हसलो होतो.” त्यांचे आपापसांत मोकळे बोलणे होते की नाही, याविषयी मी सहा महिने चिंता केली होती. होते. आम्हांला ते ऐकू येत नव्हते इतकेच.

मी या सगळ्याचा निष्कर्ष काढायचे टाळते आहे, कारण निष्कर्षांची घाई हाच आमचा रोग होता. एवढे मात्र लक्षात आले. नवविवाहित जोडप्याकडे पाहताना आपल्याला त्यांची श्रद्धा दिसते, लाज दिसते, हात हातात आहे की नाही ते दिसते. धर्माविषयी आपले जे मत असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येते, आणि ते वाचण्यात सुख असते. देणे-घेणे दिसत नाही. ते वहीत असते, आणि वही उघडायला कधी नऊ वर्षे लागतात, कधी एक्कावन्न.

लक्ष्मीपूजनाला भावाने नव्या वहीची पूजा केली. चार दिवसांनी भाचेसुनेचा फोन आला. दर महिन्याला ठराविक रक्कम तिच्या बँक खात्यात जमा करायचे ठरले होते. आधीच्या गृहस्थांना मिळे त्याहून थोडी कमी, पण ठराविक. मी अभिनंदन केले. ती हसू लागली. म्हणाली, “आत्याबाई, पण वहीत ते कुठल्या सदराखाली टाकायला सांगितलंय माहितीय? घरखर्च.”

“मग तू काय लिहिलंस?”

“सध्या पेन्सिलीनं लिहिलंय,” ती म्हणाली.